कोल्हापूर जिल्हा: इतिहास, लोकसंख्या आणि कारभार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, घराण्याचं मूळ गाव शोधणारी पुण्या-मुंबईची मंडळी आणि दाखल्यासाठी कुठल्या कचेरीत जायचं हे न कळलेले गावकरी, सगळ्यांचे प्रश्न शेवटी एकाच जागी येतात: आजचा जिल्हा बनला कसा? त्याचं उत्तर नीट कळलं की बाकीची अर्धी कोडी आपोआप सुटतात. म्हणून तिथूनच सुरुवात केली आहे.

कोल्हापूर जिल्हा कधीपासून अस्तित्वात आहे?

१ मार्च १९४९ पासून. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झालं आणि जिल्हा म्हणून कारभार सुरू झाला. मात्र संस्थानाचंच नाव बदलून जिल्हा केला, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. आजच्या जिल्ह्यात चार वेगवेगळ्या ठिकाणचा मुलूख आहे. पहिला, छत्रपतींच्या थेट अमलाखालचा खालसा मुलूख. दुसरा, संस्थानाच्या मांडलिक जहागिरी. तिसरा, कुरुंदवाडसारखा पटवर्धन संस्थानिकांचा भाग; तो कोल्हापूरकरांच्या ताब्यात नव्हता. आणि चौथा चंदगड, जो ब्रिटिश अमलातल्या बेळगाव जिल्ह्यात होता. उलट संस्थानाचा काही मुलूख आज जिल्ह्यात नाही. एका तालुक्याचे जुने कागद एका पद्धतीचे आणि शेजारच्या तालुक्याचे दुसऱ्या पद्धतीचे दिसतात, त्याचं मूळ इथं आहे.

शिवछत्रपतींची गादी एक असताना सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या कशा झाल्या?

१७०० साली सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचं निधन झालं. त्यांच्या राणी ताराबाईंनी आपल्या लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून कारभार हाती घेतला आणि औरंगजेबाविरुद्धची लढाई पुढे सात वर्षं चालवली. राजा कैदेत किंवा अज्ञान असताना, राजधान्या हातून गेलेल्या असताना, एका पंचविशीतल्या विधवा राणीनं हे केलं. कोल्हापूरच्या इतिहासाची सुरुवात सांगताना हा भाग दोन ओळींत उरकला जातो, ते योग्य नाही.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीवर हक्क सांगू लागले. त्याच वर्षी खेडला लढाई झाली, सरदार फुटले, आणि १७०८ च्या सुरुवातीला शाहूंनी साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला. ताराबाईंनी माघार घेतली नाही. त्यांनी पन्हाळ्यावर आपली राजधानी उभी केली. १७१० हे करवीर (म्हणजे कोल्हापूरच्या) राज्याच्या स्थापनेचं साल धरतात ते यामुळे.

पुढे १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच उलथापालथ झाली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं आणि ताराबाई व त्यांचा मुलगा नजरकैदेत गेले. हे करवीरचे संभाजी महाराज. शंभूराजांपासून त्यांना वेगळं ओळखावं, दोघांची गल्लत फार होते. त्यांच्याच काळात, १७१५ साली, अंबाबाईची मूर्ती पुन्हा देवळात प्रतिष्ठापित झाली. आक्रमणाच्या भीतीनं ती बरीच वर्षं लपवून ठेवलेली होती.

दोन्ही गाद्यांमधलं भांडण १७३१ च्या वारणेच्या तहानं मिटलं. वारणेच्या उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर, अशी वाटणी ठरली. आजही जिल्ह्याची उत्तर हद्द मोठ्या लांबीत वारणा नदीच आहे. सांगली जिल्ह्यातून शाहूवाडी-पन्हाळ्याकडे येताना पूल ओलांडतो, तेव्हा आपण सुमारे ३०० वर्षांपूर्वी ठरलेली हद्द ओलांडत असतो.

जिजाबाई राणीसाहेबांचं नाव कोल्हापुरात इतक्या आदरानं का घेतात?

१७६० मध्ये संभाजी महाराज वारले, त्यांना मुलगा नव्हता. गादी बेवारस ठरवून कोल्हापूर साताऱ्याला जोडावं, असा पेशव्यांचा विचार होता. जिजाबाई राणीसाहेबांनी तो हाणून पाडला. १७६२ साली खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेऊन त्याला शिवाजी महाराज म्हणून गादीवर बसवलं, आणि १७७३ पर्यंत स्वतः राज्य सांभाळलं. त्या ठाम राहिल्या नसत्या तर पुढे ना संस्थान उरलं असतं, ना शाहू महाराजांना काम करायला राज्य मिळालं असतं. पन्हाळ्यावरून राजधानी कोल्हापुरात आली ती त्यांच्यानंतर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

त्याआधी इथं कुणाचं राज्य होतं?

थोडक्यात सांगायचं तर सातवाहनांपासून आदिलशाहीपर्यंत बऱ्याच जणांचं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष तिथं मिळाले, आणि या टेकाडानं समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची छोटी कांस्यमूर्तीही दिली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार घाट उतरून समुद्रापलीकडे पोचलेला होता. ती मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. कोल्हापुरात राहून ती न पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यांनी एकदा जरूर जावं.

बाराव्या शतकात शिलाहार राजांनी इथून राज्य केलं. गंडरादित्य आणि दुसरा भोज ही त्यातली मोठी नावं. पन्हाळ्याच्या किल्ल्याची उभारणी दुसऱ्या भोजाची. यादव राजा सिंघणानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा पराभव केला. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात सिंघणाचा शिलालेख आहे. नंतर बहमनी, मग आदिलशाही. अफजलखानाच्या वधानंतर तीन आठवड्यांच्या आत, २८ नोव्हेंबर १६५९ ला शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा आणि पावनखिंड शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या माणसांनिशी पन्हाळा परत जिंकला.

इंग्रजांच्या काळात संस्थान स्वतंत्र होतं का?

नावापुरतं. १८१२ च्या तहानं कोल्हापूर इंग्रजांच्या छत्राखाली आलं आणि मालवणचा किनारा हातून गेला. १८४४ मध्ये सामानगड, पन्हाळा वगैरे किल्ल्यांवरचे गडकरी नव्या महसुली व्यवस्थेविरुद्ध उठले. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी किल्ल्यांची तटबंदी पाडली. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच गेला, आता तिथं फक्त अवशेष दिसतात. १८५७ मध्ये जुलैच्या शेवटी कोल्हापुरातल्या २७ व्या पलटणीनं बंड केलं. महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय ठेवून इंग्रजांनी त्यांना कराचीला नेऊन ठेवलं. ते परत आले नाहीत.

त्यानंतरचे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्स इथं वारले. वय अवघं वीस. तिथं त्यांची छत्री अजून उभी आहे.

शाहू महाराजांनी कारभारात नेमकं काय बदललं?

राजर्षींचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. १८८४ मध्ये ते दत्तक आले, २ एप्रिल १८९४ ला राज्यसूत्रं हाती घेतली आणि ६ मे १९२२ ला गेले. २८ वर्षं. भाषणांत त्यांचं नाव रोज येतं, पण कारभार म्हणून काय बदललं ते फारसं सांगितलं जात नाही.

२६ जुलै १९०२ चा जाहीरनामा: सरकारी नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखीव. त्या वेळी दरबारातल्या वरच्या जागा जवळजवळ एकाच जातीच्या हाती होत्या, हे लक्षात घेतलं म्हणजे या निर्णयाचं वजन कळतं. फक्त जाहीरनामा काढून भागणार नव्हतं, शिकलेली मुलं हवी होती. १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहू लागली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य विद्यार्थ्यांची. आजही शहरात 'बोर्डिंग' म्हटलं की ही वसतिगृहंच डोळ्यांपुढे येतात. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं.

गावपातळीवरचा सगळ्यात मोठा बदल १९१८ चा. कुलकर्णी वतन रद्द झालं आणि गावचं दप्तर पगारी तलाठ्याकडे आलं. महार वतनाचंही जोखड त्याच वर्षी निघालं. गावचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात असणं आणि तो बदलीवर येणाऱ्या नोकराकडे असणं, यातला फरक शेतकऱ्याला लगेच कळतो. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अस्पृश्यांचे नेते म्हणून जाहीरपणे पुढे आणलं. ते माणगाव हातकणंगले तालुक्यातलं.

शाहूपुरीची गुळाची पेठ, शाहू मिल, जयसिंगपूरची नवी वसाहत, राधानगरीच्या धरणाचं काम, ही सगळी सुरुवात त्याच काळातली. जिल्ह्याचा आजचा आर्थिक नकाशा मोठ्या प्रमाणात तिथं आखला गेला.

संस्थानाच्या जहागिरी कोणत्या होत्या आणि आज त्या कुठे आहेत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर सगळ्यात उपयोगाचं आहे.

विशाळगड ही पंतप्रतिनिधींची जहागीर, तिचा कारभार मलकापुरातून चाले. आजच्या शाहूवाडी तालुक्याचा मोठा भाग तिचा. बावडा ही पंत अमात्यांची. शिवकाळातल्या रामचंद्रपंत अमात्यांचं हे घराणं, आणि त्यांचा मुलूख म्हणजे गगनबावडा. कागल थोरली पाती (पाती म्हणजे घराण्याची शाखा) घाटग्यांची, धाकटी पातीही त्यांचीच. कापशी सेनापती घोरपड्यांची, संताजींच्या वंशातली. इचलकरंजी दुसऱ्या घोरपड्यांची. आजरा हा महाल इचलकरंजीकरांकडे होता, म्हणून त्या दोन लांबच्या गावांचे जुने कागद एकमेकांत गुंतलेले दिसतात. तोरगल ही शिंद्यांची जहागीर आज कर्नाटकात आहे. शिवाय हिंमतबहादर आणि सरलष्कर बहादर, अशा एकूण नऊ.

थोरल्या जहागीरदारांना दिवाणी-फौजदारीचे बरेच अधिकार होते. त्यामुळे तुमचं मूळ गाव जहागिरीतलं की खालशातलं, हे आधी शोधा. जुनी सनद, इनामपत्र किंवा वतनाचा वाद कुठल्या दप्तरात सापडेल ते त्यावर ठरतं.

खालसा मुलूख पेठांमध्ये, म्हणजे तालुक्यासारख्या विभागांत, विभागलेला होता: करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज आणि भुदरगड. यातलं आळते आज हातकणंगले तालुक्यातलं एक गाव आहे. पेठेचं मुख्य ठिकाण होतं हे तिथल्या नव्या पिढीलाही सांगावं लागतं.

विलीनीकरण सहज झालं का?

नाही. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या प्रजापरिषदेनं जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली होती. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार ही त्यातली पुढची नावं. रत्नाप्पाण्णा नंतर घटना समितीचे सदस्यही झाले. १९४७ मध्ये देवासहून दत्तक आलेले शहाजी महाराज गादीवर बसले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर इथं मोठी जाळपोळ झाली, भारत सरकारनं प्रशासक नेमला. लगतची दख्खनची छोटी संस्थानं मार्च १९४८ मध्ये विलीन झाली, कोल्हापूर एक वर्ष मागे राहिलं. छत्रपतींची गादी आहे, ती वेगळी राहावी, असं मनापासून वाटणारा मोठा वर्ग इथं होता आणि त्या भावनेला कमी लेखायचं कारण नाही. पण प्रजेच्या हाती कारभार यायचा तर दुसरी वाट नव्हती, हेही खरं.

चंदगड कोल्हापुरात कधी आलं? आणि रायबाग का गेलं?

चंदगड १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आलं. तोवर ते बेळगाव जिल्ह्यात होतं, आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर मराठीभाषक म्हणून चंदगड मुंबई राज्यात राहिलं व कोल्हापूरला जोडलं गेलं. रायबाग आणि कटकोळ हे संस्थानाचे तुटक तुकडे बेळगावच्या बाजूला होते, ते विलीनीकरणात बेळगाव जिल्ह्यात गेले.

चंदगडकरांसाठी जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब, आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. बाजार, दवाखाना, कॉलेज, बरंच काही बेळगावला. मात्र दाखला, तक्रार, जिल्हा परिषद कोल्हापूरला. सत्तर वर्षं हे असं चालू आहे. जिल्ह्याचा कारभार आखताना चंदगडच्या माणसाचा एक दिवस कसा जातो हे डोळ्यांपुढे ठेवायला हवं. प्रांत कार्यालय गडहिंग्लजला असल्यानं थोडी सोय होते, तेवढंच.

जिल्ह्यात तालुके किती?

बारा. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा. भुदरगडचं मुख्यालय गारगोटीला आहे, कारण भुदरगड हा किल्ला आहे, गाव नव्हे. इचलकरंजी हे जिल्ह्यातलं दुसरं मोठं शहर असूनही तालुक्याचं ठिकाण नाही, ते हातकणंगले तालुक्यात येतं. तिथं अपर तहसीलदारांचं कार्यालय आहे.

एकूण क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर. उत्तरेला आणि ईशान्येला सांगली, पश्चिमेला सह्याद्रीपलीकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, पूर्व-दक्षिणेला कर्नाटकातला बेळगाव जिल्हा. महसुली विभाग पुणे.

करवीर म्हणजेच कोल्हापूर ना?

पुराणात आणि गादीच्या बिरुदात, हो. सरकारी कागदावर नाही. करवीर हा तालुका, कोल्हापूर हे शहर आणि जिल्हा. शहर करवीर तालुक्यात आहे. आणि करवीर नावाचा विधानसभा मतदारसंघ वेगळाच आहे: त्यात शहर येत नाही, पण गगनबावडा आणि पन्हाळ्याचा काही भाग येतो. अर्ज भरताना इथं हमखास चूक होते.

लोकसंख्या किती आहे?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे ३८,७६,००१. २००१ मध्ये ती ३५,२३,१६२ होती, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १० टक्के वाढ. त्याच काळात राज्याची वाढ १६ टक्क्यांच्या आसपास. १९९१-२००१ मध्ये जिल्ह्याचीच वाढ जवळपास १८ टक्के होती, तेव्हा वेग चांगलाच उतरला आहे. घनता दर चौरस किलोमीटरला ५०४. साक्षरता साडेएक्याऐंशी टक्के, पुरुषांत ८८ च्या पुढे आणि स्त्रियांत ७४ च्या आसपास. शहरी लोकसंख्या ३२ टक्क्यांच्या जवळ.

सरासरीवर फार विसंबू नका. शहरासह करवीर तालुका दहा लाखांवर, आणि गगनबावडा तालुका अवघा ३६ हजारांच्या आसपास. कोल्हापुरातल्या काही उपनगरांतसुद्धा एवढी माणसं असतील. गगनबावड्यात पावसाळा हजारो मिलिमीटरचा, डोंगर आणि जंगल. शिरोळ तालुक्यात पाऊस त्याच्या काही अंशानंच पडतो, पण कृष्णा-पंचगंगेची काळी जमीन, ऊस आणि भाजीपाला. वस्ती कुठं दाट झाली याचं कारण नकाशावर नद्या पाहिल्या की दिसतं. २०२१ ची जनगणना झाली नाही, ती आता २०२७ ची म्हणून होत आहे. तोवर सगळ्या योजना जुन्या आकड्यांवरच चालतात.

संस्थानाच्या काळातली लोकसंख्या किती होती?

१९०१ मध्ये सुमारे ९ लाख १० हजार, १९४१ मध्ये सुमारे १० लाख ९२ हजार. हे आकडे आजच्या जिल्ह्याशी थेट ताडून पाहू नयेत, हद्दी वेगळ्या आहेत. पण एक गोष्ट दिसतेच: चाळीस वर्षांत वाढ फक्त वीस टक्क्यांची. त्यात प्लेगची वर्षं आहेत, १९१८ ची तापाची साथ आहे. गावं ओस टाकून माणसं माळावर झोपड्या बांधून राहिली, त्या आठवणी जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात.

स्त्री-पुरुष प्रमाणात कोल्हापूर मागे आहे असं ऐकतो. खरं का?

एकूण प्रमाण चांगलं आहे: दर हजार पुरुषांमागे ९५७ स्त्रिया, राज्यात तेच ९२९. पण शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८६३, आणि राज्याचा आकडा ८९४. २००१ मध्ये तर जिल्ह्यात ८३९ होत्या.

ऊस, दूध, साखर कारखाने, घरटी दुचाकी, शिक्षण, यातलं काहीही मुलींना वाचवू शकलं नाही. ज्यांच्याकडे गर्भलिंग तपासणीला पैसे होते त्यांनीच हे केलं. सोनोग्राफी यंत्रांवर देखरेखीचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला आणि आकडा थोडा सुधारला. ताराबाई आणि जिजाबाईंनी राखलेल्या मुलखात हा आकडा लिहावा लागतो याची लाज वाटली पाहिजे, आणि नव्या जनगणनेत तो आपण सगळ्यांनी आधी पाहिला पाहिजे.

जिल्ह्यात कोणकोणते समाज आणि भाषा आहेत?

भाषा मराठीच, पण तिची रूपं वेगळी. चंदगडी बोली घाटाखालच्या कोकणीकडे झुकते, गडहिंग्लज आणि शिरोळच्या सीमेवरच्या गावांत घराघरांत कन्नड आहे. शिरोळ-हातकणंगले भागात जैन शेतकरी समाज मोठा आहे, गडहिंग्लजकडे लिंगायत. अनुसूचित जातींचं प्रमाण सुमारे १३ टक्के.

एक गोष्ट नव्या लोकांना माहीत नसते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेले सुमारे पाच हजार लोक, त्यातल्या बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले, १९४३ पासून १९४८ पर्यंत. शाळा, चर्च, सगळं होतं. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर वसलं. आज कापड खरेदीला आपण जिथं जातो ती पेठ दोन निर्वासित समाजांच्या वाटेवर उभी आहे.

शहरं आणि नगरपालिका किती?

दोन महानगरपालिका. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महापालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्यातून वाढत गेलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ लाच पावणेतीन लाखांवर होती. नगरपरिषदा: जयसिंगपूर, गडहिंग्लज, कागल, मुरगूड, वडगाव, कुरुंदवाड, मलकापूर, पन्हाळा, शिरोळ, हुपरी. नगरपंचायती: आजरा, चंदगड, हातकणंगले. पन्हाळा तीन-साडेतीन हजार वस्तीचा असूनही नगरपरिषद आहे, गिरिस्थान म्हणून.

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद काय आहे?

१९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हाचंच क्षेत्र, ६७ चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, पुढे पन्नास वर्षं तसंच राहिलं. शहर मात्र उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, शिंगणापूर सगळीकडे पसरलं. २०११ मध्ये महापालिका हद्दीत साडेपाच लाख लोक मोजले गेले, प्रत्यक्ष शहर त्याहून बरंच मोठं आहे.

गावांचा विरोध समजण्यासारखा आहे: घरफाळा वाढेल, ग्रामपंचायत जाईल, शेतीवर आरक्षणं पडतील, आणि बदल्यात पाणी व रस्ते मिळतीलच याची खात्री नाही. शहराचीही बाजू खरी आहे. हद्द नसल्यामुळे निधी कमी, आणि सांडपाणी कुठल्याच हद्दीची पर्वा न करता पंचगंगेत जातं. मधला मार्ग म्हणून ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं, त्यानं दोघांचंही समाधान झालं नाही. माझं मत असं की आधी भोवतालच्या गावांना शहराच्या तोडीचं पाणी आणि गटारं द्यावीत. मग हद्दीवर गावकरी बोलायला तरी बसतील.

कुठल्या कामाला कुठं जायचं?

सातबारा, फेरफार, वारसनोंद: गावच्या सजाचा तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी), त्यावर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी. रस्ता, पाणी, शाळा, जन्म-मृत्यू नोंद: ग्रामपंचायत, तालुक्याची पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. शहरात घर असेल तर मिळकतपत्रिका नगर भूमापन कार्यालयात. कोल्हापुरात ए, बी, सी, डी, ई असे वॉर्ड पत्त्यात लिहितात, ते इथं उपयोगी पडतात. महापालिका निवडणुकीचे प्रभाग वेगळे.

मतदारसंघ कसे आहेत?

विधानसभेचे दहा: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले (अनुसूचित जातींसाठी राखीव), इचलकरंजी, शिरोळ. पहिले सहा कोल्हापूर लोकसभेत. उरलेले चार हातकणंगले लोकसभेत, सोबत सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा. मतदारसंघ तालुक्यांच्या हद्दीवर बेतलेले नाहीत. आजरा तालुक्यातला उत्तूर भाग कागलमध्ये मोडतो, गडहिंग्लज तालुकाही विभागलेला आहे.

इतर जिल्ह्यांसाठीची कोणती कार्यालयं कोल्हापुरात आहेत?

शिवाजी विद्यापीठ, १९६२ पासून, आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांसाठी. पोलिसांचं कोल्हापूर परिक्षेत्र. आणि आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. चार दशकांहून जास्त चाललेल्या मागणीनंतर ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. संस्थानाच्या काळात इथं स्वतःचं हायकोर्ट होतं, तेव्हा न्यायदान या गावाला नवं नाही. जमिनीच्या एका तारखेसाठी मुंबईला रात्रीची गाडी पकडणाऱ्या माणसाचा खर्च आणि दोन दिवस वाचले.

घराण्याचे किंवा जमिनीचे जुने कागद कुठं मिळतील?

संस्थानकाळातलं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. बहुतेक मोडी लिपीत. जाण्यापूर्वी गावाचं नाव, पेठ किंवा जहागीर आणि अंदाजे काळ लिहून न्या, नुसतं आडनाव सांगून रुमाल (कागदांचं गाठोडं) सापडत नाही. मोडी वाचता येत नसेल तर वाचक सोबत न्या, किंवा स्वतः शिका. नियमित सराव केला तर काही महिन्यांत साधी पत्रं लागू लागतात. विसाव्या शतकातल्या नोंदींसाठी तहसील कचेरीतला अभिलेख कक्ष पाहा. चंदगडचे १९५६ पूर्वीचे कागद शोधणाऱ्यांनी बेळगावलाही चौकशी करावी, आणि कुरुंदवाड भागातल्यांनी आपलं गाव पटवर्धनांच्या थोरल्या पातीचं की धाकट्या, हे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावं.